हत्तीच्या पायाखालचा कागद

आमच्या दिवाणखान्यात एक चित्र आहे. अंबारीचा हत्ती, वर झुली, पुढे भालदार. चित्र मोठं सुबक आहे, पण ते नव्या कागदावर नाही. मागे पिवळसर जुना कागद आहे, वरच्या बाजूला संस्थानी शिक्का आहे आणि हत्तीच्या आजूबाजूला काळ्या शाईत उर्दू अक्षरांच्या ओळी आहेत. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे मागे काय लिहिलंय हो?"

हे चित्र आम्ही १९९४ साली जयपूरला घेतलं. माझ्या नणंदेचे यजमान तेव्हा बँकेच्या बदलीवर तिथे होते. वन्सं मला हवामहलाच्या बाजूच्या एका गल्लीत घेऊन गेल्या. दुकानदार मांडी घालून बसला होता आणि एका केसाच्या कुंचल्याने हत्तीच्या सोंडेवर नक्षी काढत होता. समोर जुन्या कागदांची चळत होती. मी कागदाकडे पाहते आहे हे लक्षात येताच तो अभिमानाने म्हणाला, "बहनजी, कागज असली है. सौ साल पुराना. कचहरी का."

तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट असली कागद मिळाला म्हणून आनंदच झाला. चित्र घेतलं, गुंडाळलं, पुण्याला आणलं आणि फ्रेम करून टांगलं.

पुढच्या दिवाळीत माझे वडील आमच्याकडे राहायला आले. अण्णा परभणीकडचे. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झाली. त्यांच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसांना ज्ञानेश्वरी जशी यायची तशी उर्दूही यायची. त्यांनी चष्मा पुसला, चित्राजवळ गेले आणि म्हणाले, "अगं, ही तर फिर्याद आहे कुणाची तरी."

झालं! मग अण्णांना चैन पडेना. फ्रेम खाली उतरवली, भिंग आणलं. अक्षर घसटलेलं, कारकुनी. चार संध्याकाळी ते त्या कागदावर वाकून बसले होते. काही शब्द लागले, काही शेवटपर्यंत लागले नाहीत. पण गोष्ट कळली. दोन भावांची एक सामाईक विहीर. धाकट्याचं म्हणणं असं, की थोरला आपल्याला पाण्याची पाळी देत नाही, शेत वाळून चाललं आहे, सरकारने न्याय करावा. खाली कुणाची तरी साक्ष. आणि त्याच्याखाली निकाल.

"मग, काय लागला निकाल?" मी अगदी अधीर होऊन विचारलं.

अण्णा हसले. "तो तुझ्या हत्तीच्या पोटाखाली गेला."

त्या दिवसापासून ते चित्र मला पूर्वीसारखं दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, दोन शेतकऱ्यांच्या भांडणाचा कागद तो, त्याचं एवढं काय? इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह. मलाही तसंच वाटायचं. पण याच जयपूरच्या दफ्तराची एक गोष्ट मला पुढे वाचायला मिळाली आणि माझं मत साफ बदललं. ती गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

शिवाजीमहाराज आग्र्याला गेले, १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, अपमान झाला म्हणून भर दरबारात संतापले, नजरकैदेत पडले आणि १७ ऑगस्टला निसटले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी दरबारात आणि नंतर मुक्कामावर नेमकं काय घडलं, याचा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त आपल्याला कुणी दिला? महाराजांना आग्र्याला पाठवणारे मिर्झाराजे जयसिंह आमेरचे, म्हणजे आजच्या जयपूरच्या घराण्याचे. त्यांचा मुलगा रामसिंह आग्र्याला होता आणि महाराजांची जबाबदारी त्याच्यावर होती. रामसिंहाच्या पदरी परकालदास नावाचा एक माणूस होता. हा परकालदास आमेरला कल्याणदास नावाच्या अधिकाऱ्याला नेमाने पत्रं लिहायचा. भाषा घरगुती, तिकडचीच, राजस्थानी. दरबारी फारसी नव्हे.

ही पत्रं छापून काढण्यासाठी लिहिलेली नव्हती. आज इथे काय झालं, आपल्या धन्यावर काय प्रसंग आला, बाजारात लोक काय बोलतात, एवढं घरी कळावं म्हणून लिहिली होती. पण त्यात काय नाही? महाराजांच्या स्वारीपुढे चालणारा निशाणाचा हत्ती आहे, पालख्या आहेत, घोडी आहेत. महाराज दिसायला कसे, तर अंगाने लहानसे, पण रंग विलक्षण गोरा आणि न विचारताही हा कुणी राजा आहे असं कळावं असं तेज. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे, तेही देखणे आणि गोरेपान. दरबारातल्या प्रसंगानंतर महाराज रामसिंहाला काय म्हणाले, रामसिंहाने बादशहाला जामीन कसा लिहून दिला, त्याच्या माणसांनी महाराजांच्या मुक्कामावर पहारा कसा केला, सारं आहे.

विचार करा, ज्याने हे लिहिलं तो मराठा नव्हता, महाराजांचा चाकर नव्हता. त्याला महाराजांची स्तुती करून काही मिळणार नव्हतं. म्हणून तर त्याच्या साक्षीला मोल. आणि महाराज निसटल्यावर त्याच्या धन्याचं काय झालं? जामीन राहिलेल्या रामसिंहावर बादशहाची खप्पामर्जी झाली. त्याची मनसब गेली, दरबारात येणं बंद झालं. आपण सुटकेच्या आनंदात असतो, तेव्हा त्या घरावर काय बेतलं हेही याच दफ्तरातून कळतं.

ही पत्रं जवळजवळ तीनशे वर्षं बस्त्यात बांधून पडली होती. इतिहासकार सर जदुनाथ सरकार आणि सीतामऊचे डॉ. रघुबीरसिंह यांनी ती संपादित केली आणि १९६३ साली ती इंग्रजी अनुवादासह छापली गेली. तोवर जदुनाथ जाऊन पाच वर्षं झाली होती. मधल्या तीनशे वर्षांत एखाद्या कारभाऱ्याला वाटलं असतं, की ही कारकुनी पत्रं कशाला जपायची, तर? परकालदासाच्या पत्रावरही आज एखादा हत्ती उभा असता!

जयपूर दरबाराला कागद जपण्याची मोठी हौस होती. राजवाड्यातल्या कपडद्वारात मौल्यवान वस्तूंबरोबर महत्त्वाचे कागद आणि नकाशे ठेवले जात. ताजमहाल ज्या जागेवर उभा आहे ती जागा जयसिंहाच्या घराण्याची. त्या बदल्यात शाहजहानने आग्र्यातल्या चार हवेल्या दिल्या. त्याचं १६३३ सालचं फर्मान जयपूरकरांनी जपलं. संगमरवर वाहायला गाड्या पाठवा, पाथरवट पाठवा, अशी बादशहाची फर्मानंही आहेत. म्हणजे जगातल्या एका आश्चर्याचा जमिनीचा व्यवहार आणि गाडीभाडं या घरच्या कागदांत सापडतं.

आणि फर्मानांपेक्षा मला नवल वाटतं ते रोजच्या कागदांचं. बादशहाच्या दरबारी राहणारे वकील रोज काय घडलं ते जयपूरला लिहीत, ते वकील रिपोर्ट. हाताने लिहिलेली दरबारी बातमीपत्रं म्हणजे अखबारात. परगण्याच्या जमाखर्चाचे अडसट्टे. त्यात कुठल्या पिकावर किती वसूल झाला याचा हिशेब. आणि दस्तूर कौमवार नावाचे तर ३२ खंड आहेत. कोण आला, त्याला कोणता पोशाख दिला, कुणाच्या घरी मयत झाली तेव्हा दुखवट्याचं वस्त्र कुठलं पाठवलं, याची नोंद! आपल्या घरी लग्नात अहेराची वही असते ना, अगदी तशी. एका राज्याच्या अहेराची वही.

हे कागद आता बहुतेक बिकानेरला आहेत. राजस्थान राज्य अभिलेखागार १९५५ साली जयपूरला सुरू झालं आणि १९६० साली बिकानेरला हललं. जयपूरला त्याची शाखा आहे. अलीकडे अभिलेखागाराने लाखो पानं संगणकावर चढवली आहेत, ती घरबसल्या पाहता येतात. अर्थात सगळंच जयपूरकरांपाशी राहिलं असं नाही. अखबारांचा मोठा गठ्ठा कर्नल टॉडने लंडनला नेला, तो तिथल्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. जदुनाथांना आपल्याच देशाच्या बातम्या वाचायला नकला तिकडून मागवाव्या लागल्या.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जुना कागद कुणाची भीड धरत नाही. आग्र्याच्या पत्रांनी आपली मान उंचावते, पण पुढच्या शतकात याच जयपूरच्या बाबतीत मराठी कागद काय सांगतात? १७५० सालच्या डिसेंबरात जयपूरचा राजा ईश्वरीसिंह याने आत्महत्या केली. कारण मराठ्यांच्या खंडणीचा तगादा. तो फेडता येईना आणि फौज दाराशी आलेली. पुढच्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, आपले लोक निर्धास्तपणे शहर बघायला आत गेले होते. नवं वसवलेलं देखणं शहर, देवळं, बाजार. शहराच्या वेशी बंद झाल्या आणि संतापलेल्या जयपूरकरांनी कापाकापी केली. सुमारे ३००० माणसं मारली गेली. ही हकिकत मराठी पत्रांतून आपल्याला कळते आणि ती पत्रं पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले.

जयपूरच्या बाजारात मी बांगड्या घेत होते तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्या वेशीतून जाताना मी क्षणभर थांबले असते, दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी.

गंमत पाहा. जयपूरकर कागद लाल कापडात बांधतात, त्याला बस्ता म्हणतात. आपल्या पुण्याच्या दफ्तरखान्यात कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. त्यांच्या बस्त्यात आपले महाराज आहेत आणि आपल्या रुमालात त्यांचा राजा. एकमेकांचे कागद वाचल्याखेरीज दोघांचीही गोष्ट पुरी होत नाही.

एकोणिसाव्या शतकात कागदाला आणखी वेगळीच किंमत आली. १८१८ साली जयपूरने कंपनी सरकारशी तह केला, त्याच वर्षी पेशवाईही संपली. इंग्रज आले ते कागद मागत आले. आपल्याकडे इनाम कमिशन नेमलं गेलं, १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्याला विचारणा झाली, सनद दाखव. ज्याच्यापाशी कागद होता त्याचं टिकलं. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याने कितीही शपथा घेतल्या तरी जमीन गेली. आजीच्या तोंडी "कागदपत्र जपून ठेव" हे वाक्य उगाच आलेलं नाही.

त्याच शतकात जयपूरला सवाई रामसिंह दुसरे हे महाराज होते. १८३५ ते १८८० हा त्यांचा काळ. १८७६ साली इंग्लंडचा युवराज आला तेव्हा शहर गुलाबी रंगवलं ते यांनीच. यांना फोटोग्राफीचा नाद होता. स्वतः कॅमेरा चालवायचे, काचेवर निगेटिव्ह घ्यायचे. त्यांनी जनान्यातल्या बायकांचेही फोटो काढले, ज्या काळात पडद्यातल्या बाईचं नखही बाहेर दिसत नसे त्या काळात! त्या काचा राजवाड्याच्या संग्रहात आहेत. खुर्चीवर बसलेल्या, थेट कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या बाया. चेहरे इतके स्पष्ट, की आत्ता बोलतील. पण त्यातल्या अनेकींची नावं आपल्याला सांगता येत नाहीत. चेहरा उरला, नाव गेलं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे कागद त्यांच्या मुलाने वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयाला दिले, पण अट घातली, की आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं ते उघडायचे नाहीत. १९४७ च्या जुलैत ते खुले झाले. मोठमोठी रहस्यं निघतील म्हणून लोक टपून बसले होते. निघाली ती बहुतेक लोकांची पत्रं! कुणाला नोकरी हवी, कुणाला शिफारस हवी, कुणी सल्ला देतो. आता त्याच पत्रांवरून त्या काळातला साधा माणूस काय विचार करत होता ते अभ्यासक सांगतात. १८६० साली ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीने लिंकनना पत्र लिहून सुचवलं होतं, की तुम्ही दाढी राखा, चेहरा बारीक आहे, बरा दिसेल. त्यांनी तिला उत्तर धाडलं आणि दाढीही राखली. त्या पोरीचं पत्र आज डेट्रॉईटच्या ग्रंथालयात जपून ठेवलं आहे. पोरखेळ म्हणून कुणी फेकलं नाही, म्हणून.

आणि आपण काय करतो? मी दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझ्या सासरचा वाडा विकायचा ठरला तेव्हा माळ्यावर एक पेटारा निघाला. आत मोडी कागदांची भेंडोळी. घरात मोडी कुणाला येत नव्हती. सासूबाईंच्या वेळेपासून कुणी त्याला हात लावला नव्हता. ताबा द्यायला चार दिवस उरलेले, घरात पाहुणे, आंघोळीची घाई. कुणीतरी म्हणालं, "कसर लागलीय, कशाला ठेवायचं?" दोन दिवस आमचा बंब त्या कागदांवर पेटला. मी स्वतः त्यात कागद सारले आहेत. त्या पाण्याने मी आंघोळही केली आहे.

त्यात काय होतं? कदाचित वाण्याची बिलं असतील. कदाचित आमच्या घराण्यातल्या एखाद्या बाईचं पत्र असेल. आता कुणीच सांगू शकणार नाही. जयपूरच्या त्या चित्रकाराने निदान अर्धा कागद तरी शिल्लक ठेवला, मी तेवढंही केलं नाही.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून असेच कागद गोळा करत होते. वाईच्या कागदांपासून सुरुवात झाली, १८९८ साली पहिला खंड निघाला आणि एकूण २२ खंड झाले. १९१० साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. लोक त्यांना कागद दाखवायला भीत, इनाम जाईल म्हणून. पण निदान भीत तरी होते! आपण भीतही नाही. आपल्याला तो कचराच वाटतो.

१४ ऑगस्ट २०२० रोजी जयपूरला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि तिथल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरलं. काचेची पेटी फोडून इजिप्तची जुनी ममी वाचवली, त्याची बातमी सगळीकडे झळकली. त्याच बातम्यांत मला दुसरं एक दृश्य दिसलं. भिजलेल्या सरकारी फायली उघड्यावर वाळत घातल्या होत्या, ओळीने, पापड वाळत घालावेत तशा. ममीला गर्दी होती. त्या फायली उलटणारी दोन-चार माणसं मला मात्र मोठी वाटली.

म्हणून वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. माळा उघडा. ट्रंक, पेटारा, देवघराच्या मागचा कोनाडा पाहा. जुना कागद निघाला तर भिऊ नका. हाताने केलेला जुना कागद आपल्या वाटतो त्यापेक्षा चिवट असतो. जयपूरजवळच्या सांगानेरला कागझी लोक सुती चिंध्यांपासून कागद करतात, असला कागद शतकानुशतकं टिकतो. उलट तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आपली स्वस्त वहीच आधी तुकडे होते.

कागद कडक उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, एकदा केलं की मूळ कागद परत हाती येत नाही. टाचण्या काढा, त्या गंजतात. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा. घरातल्या पोराला सांगून मोबाईलवर एकेका पानाचा नीट फोटो काढून घ्या. मोडी वाचता येत नसेल तर हरकत नाही. पुराभिलेख खात्याचे आणि काही संस्थांचे मोडीचे वर्ग असतात, तिथे शिकलेली तरुण मुलं हौसेने वाचून देतात. आणि फोटोंच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. आजच लिहा. ज्यांना ती नावं ठाऊक आहेत ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

अण्णा आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं होतं, ते मला नंतर कळलं. चित्राला धूळ बसली म्हणून मी फ्रेम उतरवली, तर मागे एक पाकीट चिकटवलेलं. आत अण्णांच्या अक्षरातला एक कागद. त्या फिर्यादीचं जेवढं वाचता आलं तेवढं मराठीत उतरवलेलं, न लागलेल्या शब्दांच्या जागी टिंबं. शेवटी एक ओळ होती: निकाल दिसत नाही, पण धाकट्याला पाणी मिळालं असावं असं वाटतं.

निकाल काय लागला ते मला ठाऊक नाही. पण पाहुणा आला आणि "हे मागे काय लिहिलंय हो?" असं विचारलं, की आता मी चहा ठेवते आणि ते पाकीट काढते.